जागा पूर्ववत करावी

ऑर्विल हॅच जंगलखात्याच्या कचेरीत आला तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, टोपी हातात घेऊन. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण सरकारी दारातून आत शिरताना अजून टोपी काढायचा. डन्सफर्डमध्ये ही सवय राहिलेला तो बहुधा शेवटचाच. बाकीचे दारातून शिरतानाच तोंड सुरू करतात.

"पोरी, माझ्या नळाचं पाणी बारीक झालंय," तो म्हणाला.

नोरीन टॅगार्ट बावन्न वर्षांची होती, कमरेला पिस्तूल होतं, आणि साडेतीन लाख एकर सरकारी जंगलात कायदा पाळला जातो की नाही हे बघायला नेमलेली ती एकटीच अधिकारी होती. तिला पोरी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. तिचा बाप आणि ऑर्विल एकाच लाकूडगिरणीत होते. ऑर्विल करवतींना धार लावायचा. आई घर सोडून गेली त्या वर्षापासून नोरीन शाळा सुटली की त्याच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायची. गृहपाठ तिथे, खाणं तिथे, आणि पाणीही त्याच नळाचं.

"जाळी तुंबली असेल वरती," ती म्हणाली.

"जाळी तुंबली की पाणी गढूळ येतं. हे स्वच्छ येतंय, पण निम्मं. वर कुणीतरी पितंय." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मीच जाऊन आलो असतो. दर वसंतात जातो. यंदा गुडघा म्हणतो, तू जा, मी इथेच बसतो."

त्याचं घर टिलर ओढ्याच्या काठी, जंगलाच्या हद्दीला लागून. ओढ्यात वर एक प्लॅस्टिकचं टब दगडांत बसवलेलं, त्यावर जाळी, आणि तिथून अकराशे फूट काळा पाइप उतारावरून थेट त्याच्या मोरीत. या डोंगरात निम्मी घरं असंच पाणी पितात. विहीर खणायची ऐपत असलेले लोक इथे राहायला येत नाहीत.

नोरीन दुसऱ्या दिवशी वर चढली. टब जागेवर होतं, जाळी साफ होती. तिथून दोनशे पावलं वर गेली आणि झुडपाआड बसली. पाचोळ्याखालून बारीक पाइप गेले होते, उतार खणून पायऱ्या केल्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर गुडघ्याएवढी गांज्याची रोपं हारीने लावलेली होती. तीन-चार हजार तरी असावीत. ओढ्याला बांध घालून ताडपत्रीची डबकी केली होती. एका डबक्याच्या काठावर सरबताची जुनी बाटली होती आणि तिच्यात गुलाबी पाणी होतं. ते बघून ती आली तशीच मागे सरकली. ते कीटकनाशक देशात कधीचंच बंद झालं आहे. सीमेपलीकडून चोरून येतं. उंदरांनी रोपं कुरतडू नयेत म्हणून ही माणसं ते शिंपडतात, आणि मग उंदीर मरतात, घुबडं मरतात, एकदा तिने अख्खं अस्वल मेलेलं पाहिलं होतं, तोंडात विष कालवलेल्या माशांचा रिकामा डबा अडकलेला.

पूर्वीचे दिवस असते तर काम सोपं होतं. शेरीफचा माणूस रस कॉफ्लिन याला फोन करायचा, चार कोयते आणि दोन बंदुका गोळा करायच्या, दुसऱ्या सकाळी वर जाऊन सगळं सपाट करायचं. माणसं पळून जायची, पण ओढा मोकळा व्हायचा. पण दोन वर्षांपूर्वी एका पहाटे शेरीफची तुकडी आणि केंद्राची तुकडी गांज्याच्या एकाच बागेत दोन बाजूंनी शिरल्या आणि एकमेकांवर बंदुका रोखून उभ्या राहिल्या. कुणी मेलं नाही हे नशीब. त्यानंतर सगळी खाती एका टेबलाशी बसली, सामोसे नव्हते पण डोनट होते, आणि संयुक्त पथकाचा करार झाला. सगळ्यांचा मिळून एकच नकाशा ठेवायचा. जंगलात काही सापडलं की नकाशावर पिवळा ठिपका टाकायचा. ज्या खात्याने ठिपका आधी घेतला त्याची ती जागा; ठिपका लाल होतो आणि मग दुसऱ्या कुणी तिथे पाव मैलाच्या आत पाऊल टाकायचं नाही, त्याबद्दल बोलायचंही नाही. काम झालं की हिरवा. नोरीन त्या बैठकीला होती. 'आधी घेईल त्याची जागा' हे कलम तर तिनेच सुचवलं होतं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

तिने इमानेइतबारे पिवळा ठिपका टाकला. रसला फोन लावून सांगितलं की सकाळी आपण दोघं ठिपका घेऊ. सकाळी उठून बघते तर ठिपका लाल झालेला.

दहा वाजता केंद्राच्या खात्यातून व्हिटकोम्ब नावाच्या माणसाचा फोन आला. तरुण होता आणि फार गोड बोलायचा.

"ऑफिसर टॅगार्ट, आधी तुमचे आभार. ही टोळी आम्ही दोन वर्षं शोधतोय. यांच्या चार बागा आहेत, ही पाचवी तुम्ही दिलीत. खाली खोऱ्यात बसलेला मालक हवाय आम्हाला. पीक उतरून त्याच्याकडे जाईल तेव्हा हात टाकू. ऑक्टोबरपर्यंत जागा झाकलेली राहू दे."

"खाली एक घर आहे," नोरीन म्हणाली. "त्याच ओढ्याचं पाणी पितात."

"किती माणसं?"

"एक."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "नोंद घेतली आहे," व्हिटकोम्ब म्हणाला.

"मी त्यांना एवढंच सांगते की ते पाणी पिऊ नका."

"तो माणूस गप्प राहील?"

ऑर्विलला गुपित ठेवता येत नाही हे गाव जाणतं. शनिवारी अग्निशमन दलाच्या खोलीत सगळे म्हातारे न्याहारीला जमतात, तिथे ऑर्विलच्या पोटातलं सगळं पहिल्या पॅनकेकबरोबर बाहेर पडतं. आणि त्या खोलीत कोण कुणाचा भाचा, कोण कुणाला डोंगरात सामान पोचवतो, हे देवच जाणे. वर बंदुका असणार. तक्रार कुणी केली हे वरच्यांना कळलं तर ओढ्याकाठचं ते एकटं घर शोधायला त्यांना नकाशा लागला नसता.

म्हणून ती गप्प राहिली, आणि इतर दारं ठोठावली. राज्याचं पाणीखातं म्हणालं, तपासून देतो की, पण नमुना उगमापासून घ्यावा लागेल. उगमाला ठिपका लाल. जिल्ह्याचं आरोग्यखातं म्हणालं, ज्याचं पाणी आहे त्याने तक्रार करावी. ज्याचं पाणी आहे त्याला सांगायचं नाही. तिच्या स्वतःच्या साहेबाने पायावर पाय टाकून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "नोरीन, करार आपणच केलाय ना?" प्रत्येकजण समजूतदार होता. कुणी एकजण खडूसपणे वागला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

जूनभर ती आठवड्यातून दोनदा दुकानातल्या पाण्याचे मोठे कॅन घेऊन ऑर्विलकडे जात राहिली. सांगायची की खात्याकडे जास्तीचे उरलेत.

"हे पाणी?" ऑर्विल कॅन उन्हात धरून बघायचा. "याला वास नाही, चव नाही. याचं करू काय, गाडीत घालू?" आणि कुत्र्याकडे वळून, "बिस्किट, तू पितेस का शहरातलं पाणी?" बिस्किट म्हणजे एक जाडी, पिवळी, कानाने अधू कुत्री. ती शेपटी हलवायची.

मग तो नळाखाली किटली धरायचा, पाणी बारीक धारेने किटलीत पडायचं, दोघांसाठी कॉफी व्हायची. नोरीनचा कप तिच्यासमोर यायचा.

पहिल्या दिवशी तिने पोट बिघडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑर्विल नुसतं तिच्या तोंडाकडे बघत राहिला, तेव्हा तिने कप उचलला आणि प्यायली. पुढेही पीत गेली. तिला वाटायचं, विष खरंच उतरलं असेल तर निदान आपल्यालाही कळेल. कळलं काहीच नाही. कॉफी लहानपणी होती तशीच लागायची, जरा जळकी.

"वरचं काय झालं?" तो दर वेळी विचारायचा.

"बघतेय."

"बघ, बघ. मी सगळ्यांना सांगितलंय, पोरीच्या कानावर घातलंय, आता काम झालंच म्हणून समजा."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिला युक्ती सुचली. ती सुचली त्या दिवशी तिला इतकं हलकं वाटलं की गाडीत ती एकटीच हसली. जंगलाच्या जमिनीवरून पाण्याचा पाइप न्यायचा तर परवाना लागतो. ऑर्विलकडे होता. तिने जुनं कपाट उघडून तो शोधला; त्याची मुदत अकरा वर्षांपूर्वीच संपली होती. कुणीच लक्ष दिलं नव्हतं. म्हणजे तो पाइप बेकायदा. म्हणजे ती त्याला नोटीस देऊ शकत होती, पाणी बंद करायला लावू शकत होती, आणि कारण विचारलं तर कारणही खरं होतं. कुणाचं गुपित फुटणार नाही, करार मोडणार नाही, आणि म्हातारा विष पिणार नाही. दुपारीच तिने छापील नोटिशीवर त्याचं नाव घातलं, खाली सही केली.

ऑर्विलने चष्मा लावून नोटीस वाचली. दोन पानं होती. तो सावकाश वाचणारा माणूस होता, छापलेल्या प्रत्येक शब्दाखालून बोट न्यायचा.

"हे तू दिलंस?" त्याने विचारलं.

"परवाना संपलाय, ऑर्विल. अकरा वर्षं झाली. तपासणी सुरू आहे सगळीकडे, माझ्या हातात नाही."

"तुझी सही आहे."

"सही माझीच असणार. इथे मी एकटीच आहे."

"चव्वेचाळीस वर्षं हे पाणी आहे. तू याच पाण्यावर वाढलीस."

बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते तोंडात धरून ती उभी राहिली.

"वर कुणीतरी माझं पाणी चोरतंय ते सांगायला मी टोपी काढून तुझ्या कचेरीत आलो," ऑर्विल म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आणि चोर तुला मीच सापडलो."

"मी पाणी आणून देईन. लागेल तेवढं. नवीन परवाना होईपर्यंत."

"नको. माझं मी बघतो." त्याने नोटिशीची घडी केली, खिशात घातली, मोरीत वाकला आणि चावी फिरवली. नळ ठिबकला आणि बंद झाला. "झालं बंद, ऑफिसर टॅगार्ट."

ती गाडीत येऊन बसली आणि रडली. पण रडतानाही मनात एक सुटकेचा कोपरा होता. नळ बंद झाला होता. राग उतरतो, ऑक्टोबरनंतर सगळं सांगता येईल, आणि हा म्हातारा मग तीन शनिवार न्याहारीला तीच गोष्ट सांगत बसेल. तिने हा सगळा हिशोब मनात नीट लावून ठेवला होता.

नोटिशीचं दुसरं पान तिने वाचलं नव्हतं. वाचायचं कारणच नव्हतं. वीस वर्षांत तिने अशा शेकड्यांनी नोटिसा दिल्या होत्या. कुणाची बेकायदा शेड, कुणाचं कुंपण, कुणाची मोडकी गाडी. दुसऱ्या पानावर छापलेलं असायचं: अनधिकृत साहित्य तीस दिवसांत स्वखर्चाने काढून न्यावे, जागेवरील सर्व टाकाऊ वस्तू उचलाव्यात, जागा पूर्ववत करावी, आणि तसे केल्याचे खालील भागात लिहून कळवावे. आजवर एकानेही ते केलं नव्हतं. डन्सफर्डमध्ये सरकारी नोटिशीने लोक शेकोटी पेटवतात. टोपी काढून आत येणारा माणूस दुसरं पानही वाचतो, आणि वाचलं की तसं करतो, हे जगात कुणाला माहीत असायला हवं होतं तर ते नोरीनला.

महिनाभर तिने त्याला मुद्दाम मोकळं सोडलं. राग निवू दे म्हणून. कॅन मात्र ती फाटकाशी ठेवून यायची आणि पुढच्या खेपेला रिकामे कॅन नीट ओळीत लावलेले असायचे. म्हणजे पीत होता. रसला ती म्हणालीसुद्धा, "बोलत नाही, पण पितोय, तेवढं पुरे."

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी दुपारी ती कॅन घेऊन गेली तेव्हा बिस्किट अंगणातल्या खांबाला बांधलेली होती आणि एकसारखी भुंकत होती. व्हरांड्यावर काळ्या पाइपची भेंडोळी रचलेली होती, प्रत्येक भेंडोळं सुतळीने तीन ठिकाणी बांधलेलं. शेजारी ते प्लॅस्टिकचं टब, घासून पालथं घातलेलं. त्याच्या शेजारी पाठीवरची पिशवी. पिशवीच्या तळातून गुलाबी ओल बाहेर आली होती आणि पायरीवर सुकत होती.

ऑर्विल पायरीवर बसला होता. तोंडातून लाळ गळत होती, कपाळावरून घाम ओघळत होता, हात मांडीवर थडथडत होते. शर्टाची पाठ ओली आणि गुलाबी. नोरीनने त्याची हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. खात्याने हे सगळं चित्रं दाखवून शिकवलं होतं, दर वर्षी, अर्धा दिवस. तिने हातमोजे घातले, शर्ट फाडून काढला, कॅनमधलं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं. तीन कॅन ओतले. ते पाणी शेवटी याच कामाला आलं.

वायरलेसवर तिने संयुक्त पथकाचं हेलिकॉप्टर मागितलं. ते डन्सफर्डच्या मैदानात उभंच होतं. पलीकडच्या माणसाने विचारलं, मोहिमेचा क्रमांक काय. ती म्हणाली, मोहीम नाही, माणूस आहे. तो म्हणाला, मग दोन खात्यांची मंजुरी लागेल, विचारतो. रस कॉफ्लिन त्याच वायरलेसवर ऐकत होता, तो म्हणाला, "नोरीन, थांबू नकोस, निघ, मी पुढे भोंगा लावून रस्ता मोकळा करतो." दवाखाना सव्वा तासावर.

वाटेत ऑर्विल बोलत होता. शब्द लाळेत भिजून येत होते.

"सगळा काढला. अकराशे फूट."

"बोलू नका. श्वास घ्या."

"चार दिवस लागले. गुडघ्याने चारही दिवस शिव्या दिल्या." मग बराच वेळ नुसती घरघर. मग, "वर फार कचरा होता. बाटल्या, पिशव्या. माझ्या नव्हेत त्या. पण टबाजवळच पडलेल्या. म्हटलं, तू तपासायला येशील आणि माझ्या नावावर लिहिशील."

"नाही लिहिणार."

"म्हणून उचलल्या. एक फुटकी निघाली. तिथेच बसून सँडविच खाल्लं, तेव्हा लक्षात नाही आलं." त्याने तिच्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला. "माझ्या नावावर लिहू नकोस, पोरी."

पोरी. एका महिन्याने तो शब्द तिच्या कानावर पडला, आणि गाडी चालवायची होती म्हणून ती नुसती मान हलवत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, अंगावर काय सांडलंय. तिने कराराचा क्षणभरही विचार न करता कीटकनाशकाचं नाव सांगितलं, जागा सांगितली, सगळं सांगितलं. डॉक्टरने उतारा दिला. दोन दिवस यंत्र ऑर्विलच्या वतीने श्वास घेत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो गेला. नोरीन खालच्या मजल्यावर कॉफी आणायला गेली होती.

व्हिटकोम्बचा फोन संध्याकाळी आला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. आवाजातच कळत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

"त्यांना वर कुणी दिसलं का? हे विचारावं लागतंय, माफ करा."

"नाही. त्या दिवसांत वर कुणी नसावं."

"मग मोहीम चालू राहील. आणखी एक. त्यांना तिथे जायला कुणी सांगितलं, हे अहवालात लिहावं लागेल."

"मी सांगितलं," नोरीन म्हणाली. "लेखी. माझ्या सहीने."

तो म्हणाला, "त्याची एक प्रत पाठवाल?"

तिने पाठवली. चौकशी झाली. सर्व खात्यांनी आपापल्या नियमाप्रमाणे काम केल्याचं त्यात आढळलं, तिनेही. तिला कुणी एक शब्दाने बोललं नाही. तिला वाटत होतं कुणीतरी समोर उभं करून तिला चार शब्द सुनवावेत, पण तसं कुणी मिळालं नाही. रस नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून जायचा आणि तिला तो हात झटकून टाकावासा वाटायचा.

ऑर्विल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरीच्या टपालात एक पाकीट आलं होतं. नोटिशीच्या दुसऱ्या पानाचा खालचा भाग, रेघेवरून कात्रीने सरळ कापलेला. मंगळवारी डोंगरावरून उतरताच त्याने तो भरला असणार आणि फाटकाच्या टपालपेटीत टाकून मग पायरीवर येऊन बसला असणार. करवतीला धार लावणाऱ्या माणसाची अक्षरं, पण शेवटच्या ओळीत लटपटलेली. साहित्य काढले: हो. टाकाऊ वस्तू उचलल्या: हो, दुसऱ्यांच्यासुद्धा. जागा पूर्ववत केली: हो. खाली सही. त्याच्याही खाली एक रिकामी चौकट: अधिकाऱ्याने जागा पाहून खात्री केली, सही, तारीख.

ती जागा पाहायला जाऊ शकत नव्हती. ठिपका लाल होता. कागद तिने खणात ठेवला. बिस्किट तिच्याकडे राहायला आली आणि दारापाशी बसून राहायला लागली. आणि सप्टेंबरात कचेरीच्या संगणकाने आपोआप एक पत्र काढलं, श्री. ऑर्विल हॅच यांना: आपल्या जागेची खात्री अद्याप झालेली नाही, मुदत संपली आहे. ते पत्र पत्ता बंद म्हणून परत तिच्याच टेबलावर आलं.

ऑक्टोबरच्या मध्याला मोहीम झाली. पाच खात्यांची चाळीस माणसं, दोन हेलिकॉप्टरं. वर गेले तर बाग आधीच खुडलेली. माणसं चार-पाच दिवसांपूर्वी पीक घेऊन निघून गेली होती. खालच्या खोऱ्यातला मालकही हाती लागला नाही. मागे राहिलेली रोपं कापून जाळ्यात बांधून उचलली, मैदानावर त्यांचा ढीग लावला, पाच खात्यांचे पाच बिल्ले एका रांगेत उभे राहिले आणि फोटो निघाला. नोरीनला मधोमध उभं केलं होतं, ठिपका तिचा म्हणून. बाटल्या, पोती, पाइप तिथेच राहिले. ते उचलणं करारात कुणाच्याच वाट्याला घातलेलं नव्हतं. हे कलम सुचायला हवं होतं असं त्या दिवशी प्रत्येकजण म्हणाला.

दुपारी ठिपका हिरवा झाला. दुसऱ्या सकाळी नोरीन कागद खिशात घालून एकटी वर गेली.

सगळा उतार उकिरडा झालेला होता. फाटक्या ताडपत्र्या, खताची पोती, माशांचे डबे, पिशव्या झाडांना अडकलेल्या. खाली उतरत ती टबाच्या जागेपाशी आली आणि थांबली. तिथे वीसेक पावलांच्या गोलात काहीही नव्हतं. टबाखालचे दगड ओढ्यात परत बसवले होते, शेवाळाची बाजू वर करून. पाइप ओढल्याने पडलेला चर मातीने भरून त्याच्यावर पाचोळा पसरला होता. एका पाइन झाडाला तार गुंडाळलेली असायची, लहानपणी तिने पाहिलेली. ती तारही काढली होती आणि खोडावरच्या व्रणाला चिखल लावला होता. डोंगरावर एवढी एकच जागा स्वच्छ होती, आणि ती ऑर्विलने तिला भिऊन स्वच्छ केली होती.

तिने कागद गुडघ्यावर धरून लिहिलं: जागा पाहिली. पूर्ववत आहे. सही केली, तारीख घातली.

चार दिवसांनी वरच्या कचेरीतून फाइल परत आली. पिवळी चिठ्ठी लावलेली: एक चौकोन कोरा आहे. तिने पाहिलं. 'खात्री झाल्याचे संबंधितास कळवले', आणि पुढे चौकोन.

ऑर्विल असता तर त्यानेही तो चौकोन कोरा ठेवू दिला नसता. दुपारी ती बिस्किटला गाडीत घालून दफनभूमीत गेली. माती अजून खचायची होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तिने टोपी काढली.

"ऑर्विल," ती म्हणाली, "मी जाऊन बघून आले. जागा अगदी स्वच्छ आहे. तुमच्या नावावर मी काहीही लिहिलेलं नाही."

मग गाडीच्या टपावर फाइल ठेवून तिने त्या चौकोनात खूण केली. फाइल त्यानंतर परत आली नाही.